वंध्यत्व आणि वनौषधी : ग्रंथातली आणि घरातली



जुन्या मराठी ग्रंथालयात वैद्यकाचे एक कपाट असतेच. ते बहुधा मागच्या भिंतीला, धर्मशास्त्र आणि पाकशास्त्र यांच्या शेजारी उभे असते. चरक-सुश्रुतांची भाषांतरे, शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधी गुणादर्श’, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ अशी जाडजूड पुस्तके त्यात असतात. बडोद्यासारख्या शहरात तर पदेशास्त्र्यांचे स्थान विशेष आहे. १९०७ साली नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे करणारा हा मराठी वैद्य ‘आर्यभिषक्’ या ग्रंथामुळे गुजराती घराघरांत पोहोचला. या कपाटातली पुस्तके संशोधकांपेक्षा गरजूंनीच अधिक हाताळलेली असतात, आणि ज्या पानांचे कोपरे दुमडलेले आढळतात त्यांत वंध्यत्वाचे प्रकरण हमखास असते. पुस्तक नेले जाते घरातल्या पुरुषाच्या नावावर; कोपरा दुमडणारा हात मात्र बहुधा त्याचा नसतो.

ते पान वाचणाऱ्या स्त्रीला तिथे नेमके काय मिळते आणि घरात तिच्या वाट्याला काय येते, या दोहोंतील अंतर हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रारंभ शब्दापासून करणे उचित ठरेल. ‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीला लागतो, गाईला लागतो, जमिनीला आणि झाडालाही लागतो. पुरुषाला लागत नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते त्याच्या पौरुषाविषयीचे आहेत, बीजाविषयीचे नाहीत. सर्वांगाने धडधाकट, संसारात कोठेही उणा नसलेला, पण ज्याच्या बीजात दोष आहे अशा पुरुषाला घरगुती मराठीत नावच नाही. ज्याला नाव नाही त्याचा शोधही कोणी घेत नाही. वेदान्त्यांनी अशक्य गोष्टीचा दृष्टान्त म्हणून ‘वंध्यापुत्र’ योजला. आकाशपुष्पाच्या आणि सशाच्या शिंगाच्या पंक्तीला त्यांनी एका जिवंत बाईचे दुःख आणून बसविले. दृष्टान्त चोख आहे. तिला काय वाटत असेल हा तर्कशास्त्राचा विषय नव्हे, एवढेच.

आता संहितांकडे वळल्यास चित्र निराळे दिसते. सुश्रुताच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्र आणि शोणित यांच्या शुद्धीचा आहे, आणि त्याचा आरंभ शुक्राच्या दोषांनी होतो. प्रथम पुरुषाची तपासणी, नंतर स्त्रीची. त्याच अध्यायात गर्भधारणेला आवश्यक अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, गर्भाशयरूपी भूमी, पोषण करणारा रस आणि उभयतांचे बीज. उपमा शेतकऱ्याची आहे आणि ती पुरती नेली आहे. पीक आले नाही तर कुणबी केवळ जमिनीला दोष देत बसत नाही. बियाणे किडके होते काय, पेरणी वेळेवर झाली काय, पाऊस पडला काय, हे तो पाहतोच. घरात मात्र चारांतले एकच उरते. क्षेत्र तेवढे तपासले जाते, आणि तेही काढ्याने.

चरकाने तर आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. ज्या स्त्रीला अपत्य होऊ शकते तिलाही ते उशिरा का होते, याची कारणे तो शारीरस्थानात देतो: योनीचे विकार, मनाचा ताप, शुक्र आणि आर्तव यांतील दोष, आहारविहारातील दोष, अकाली समागम आणि बलक्षय. या गणनेत मनस्तापाचे स्थान दुसरे आहे. लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेला हळदीकुंकवात मागे बसविणाऱ्या, डोहाळजेवणाला ओटी भरताना तिला चुकविणाऱ्या घराने ती ओळ वाचलेली नसते. वंध्येचे प्रकारही शास्त्राने केले. पहिल्या अपत्यानंतर पुन्हा न होणारी ती काकवंध्या, होऊन न जगणारी ती मृतवत्सा. नावे कठोर आहेत, पण निदानाचा यत्न त्यांत आहे. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबण्यापेक्षा हे बरे.

वनस्पतींचा नंबर यानंतर लागतो, आणि त्यांचे क्षेत्र मोठे रम्य आहे. शतावरीचेच पाहा. जमिनीखाली मुळांचा एवढा मोठा जुडगा, की शंभर म्हटले तरी चालावे. नाव त्यावरूनच पडले. स्त्रीचे बल, रस आणि दूध वाढविणारी म्हणून तिची ख्याती आहे, आणि शतावरी कल्प दुधातून घेणे हे आजही अनेक घरांत बाळंतिणीसाठी चालू आहे. आधुनिकांनी तिच्यातील शतावरीन नावाची सॅपोनिन द्रव्ये वेगळी केली. माणसांवरील चाचण्या लहान आहेत आणि बऱ्याचशा दुधाविषयीच्या आहेत. गर्भधारणेविषयी तिच्या बाजूने बोलण्याइतका भक्कम पुरावा त्यांतून उभा राहत नाही. पौष्टिक म्हणून ती घ्यावी. पण ‘शतावरी घेतली, आता होईल’ हे वाक्य शतावरीचे नव्हे, माणसाचे आहे.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, उत्तरस्थानात, फलघृत आहे. येथे ‘फल’ म्हणजे अपत्य. मंजिष्ठा, कोष्ठ, तगर, त्रिफळा, वेखंड, हळद, दारुहळद, ज्येष्ठमध, हिंग, अश्वगंधा, शतावरी अशा पुष्कळ द्रव्यांचा कल्क तुपात आणि दुधात सिद्ध करावयाचा. एकेका द्रव्याचा पत्ता घेत बसले तर अर्धा हिंदुस्थान फिरावा लागेल. हे तूप आजही बनते, आजही दिले जाते. त्यातील दारुहळदीची गोष्ट पुढे यावयाची आहे. ती लक्षात ठेवावी.

अशोकाचे प्रकरण बडोदेकरांना अधिक जवळचे आहे. खरा अशोक म्हणजे नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस अंगावर घेणारा, सावलीत रमणारा वृक्ष. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या पदाघाताने तो फुलावा असा दोहद सांगितला आहे, स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते, ही कल्पनाच मुळात फलधारणेची आहे. त्याची साल मध्ययुगीन वैद्यकाने अतिरिक्त रक्तस्राव थांबविण्यासाठी योजिली. अशोकारिष्ट त्याच परंपरेतले. म्हणजे ते मुख्यतः पाळीचे औषध, मूल होण्याचे नव्हे. मात्र ‘स्त्रियांचे’ असे एकदा बाटलीवर छापले की स्त्रीचे सगळेच त्यात येते. शिवाय गुजरातेत आसोपालव म्हणून ज्याच्या पानांची तोरणे दारोदार बांधली जातात, तो उंच, निमुळता, हिरवट फुलांचा वृक्ष हा अशोक नव्हेच. त्याचे कुळ निराळे, गुण निराळे. खऱ्या अशोकाची साल ओरबाडून ओरबाडून तो वृक्ष आज जगातल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेला आहे, आणि बाजारात सालीच्या नावाखाली या खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. तेव्हा ग्रंथ खरा, वैद्य खरा, रुग्णाची श्रद्धाही खरी, आणि पुडीत तोरणाचे झाड, असा प्रकार घडू शकतो.

लक्ष्मणेची कथा याहूनही चमत्कारिक. अपत्यदात्री म्हणून ग्रंथोग्रंथी गौरविलेली ही वनस्पती नेमकी कोणती, यावर वैद्यांचे आजतागायत एकमत नाही. कोणी पांढऱ्या फुलांची रिंगणी म्हणतात, कोणी एक वेल दाखवितात, कोणी परदेशच्या मनुष्याकृती मुळाकडे बोट करतात. सुश्रुताने वडाचे कोंब, सहदेवी यांच्याप्रमाणेच ती दुधात वाटून तिचे थेंब नाकात घालावयास सांगितले आहेत. पण तो विधी पुंसवनाचा आहे, वंध्यत्वाचा नव्हे. चरकाचाही तसाच: गोठ्यातल्या वडाच्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या फांदीचे दोन कोंब, उडीद, पांढरी मोहरी, दही, पुष्य नक्षत्र. गर्भ राहिल्यानंतर तो मुलगा व्हावा यासाठीचा हा खटाटोप. प्राचीनांचा गौरव करतानाही येथे थांबून सांगणे भाग आहे की, मूल हवे ही तळमळ आणि मुलगाच हवा हा हट्ट या दोन गोष्टी आपल्या औषधीपरंपरेत फार लवकर एकमेकींत मिसळल्या. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे. तरी कोंब वाटला जातो तो स्त्रीच्याच नाकासाठी.

पुत्रंजीवापाशी थोडे अधिक रेंगाळावयास हवे. पुत्रजीवक, जीवपुत्रक, मराठीत पुत्रवंती अशी त्याची नावे. दाट सावलीचा सदाहरित वृक्ष; त्याच्या बियांची, म्हणजे आठळ्यांची, माळ करतात. नावामुळे या बियांचे चूर्ण मूल न होणाऱ्या स्त्रियांना दिले जाऊ लागले, आणि पुष्कळांना हे नावच पुरावा वाटते. पण नावाची फोड करून पाहिली तर? ‘पुत्रंजीव’ म्हणजे पुत्राला जगविणारा. पुत्र देणारा नव्हे. जन्मलेल्या लेकराच्या गळ्यात या बियांची माळ घालीत, ते दृष्ट-रोगापासून वाचावे म्हणून; गेल्या दोन शतकांत इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या प्रथेची नोंद केली आहे. ज्या काळी मुले होत आणि जगत नसत, त्या काळचे हे नाव आहे. मुले जगू लागल्यावर नावाचा रोख पाळण्याकडून गर्भाशयाकडे सरकला. शब्दार्थाच्या अशा घसरणीची उदाहरणे भाषेत पुष्कळ सापडतात. एरवी ती निरुपद्रवी असतात.

त्या वृक्षाची दुसरी गोष्ट तर चूर्ण विकणाऱ्याने सांगितलेली कधी ऐकिवात येत नाही. पुत्रंजीवाची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात, आपल्या पपईसारखी. मादी झाड कितीही निरोगी असो, भोवताली नराचा पराग नसेल तर त्यावर सुफळ बी धरत नाही. अशा एकाकी झाडाला माळी वांझ म्हणत नाही. तो जवळपास नर आहे काय हे पाहतो.

शिवलिंगीच्या वेलीचे बी पाहिले की तिचे नाव का पडले ते लगेच उमगते. आकारावरून गुण ठरविण्याची ही जुनी रीत जगभर आढळते. वेल देखणी, पांढऱ्या रेघांची तिची छोटी फळे पिकली की लाल होतात. ती फळे विषारी समजली जातात, तेव्हा आकाराच्या मोहाने कोणी कुंपणावरची फळे घरी आणू नयेत, एवढे या ठिकाणी सांगितले म्हणजे पुरे.

पुराणांनीही झाडाकडूनच फळ मागितले. मगधाच्या बृहद्रथाला ऋषीने आंबा दिला, दोन राण्यांनी तो अर्धा अर्धा खाल्ला आणि दोन अर्धी शकले जन्मली, तोच जरासंध. ऋचीकाच्या आख्यानात दोन स्त्रियांनी पिंपळाला आणि औदुंबराला आलिंगन द्यावयाचे होते. त्यांनी झाडे अदलाबदल केली आणि वंशाचा स्वभावच बदलला. पिंपळाच्या आणि औदुंबराच्या प्रदक्षिणांमागे अशा कथांची छाया आहे. यांहून मौजेची कथा युवनाश्वाची. राणीसाठी मंतरलेले पाणी रात्री तहानेने राजानेच पिऊन टाकले आणि मांधाता त्याच्याच कुशीतून जन्मला. पतीने औषध घेतल्याचे हे आपल्या वाङ्मयातले ठळक उदाहरण, तेही चुकून.

आता दारुहळदीकडे यावयाचे. तिच्यातील पिवळे द्रव्य बर्बेरिन. पीसीओएस नावाच्या विकारात स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. वंध्यत्वाचे हे आज फार मोठे कारण आहे. चीनमध्ये अशा ६४४ स्त्रियांवर बर्बेरिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला लेट्रोझोल हे आधुनिक औषध, दुसऱ्याला बर्बेरिन, तिसऱ्याला दोन्ही. लेट्रोझोलने शेकडा ३६ स्त्रियांना मूल झाले, दोन्ही घेणाऱ्यांत शेकडा ३४, आणि एकट्या बर्बेरिनने शेकडा २२. म्हणजे वनस्पतीची जोड दिल्याने काही वाढले नाही. हा निकाल कोणाला निराशेचा वाटेल. परंतु वनौषधीला कोणी इतक्या गंभीरपणे प्रश्न विचारला हाच तिचा खरा सन्मान होय. जयजयकाराने औषधाचा गुण कळत नाही.

वनस्पतींनी या क्षेत्रात दिले ते काही थोडे नाही. मात्र ते चूर्णाच्या पुडीतून आले नाही. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची शेंगवर्गीय वनस्पती उगवते. तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातून मेटफॉर्मिनचा मार्ग सापडला; १९२२ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले, १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग दाखविला, आणि पुढे पीसीओएस असलेल्या स्त्रियांनाही ते दिले जाऊ लागले. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनविले. हा कंद आपल्या कोनफळाच्याच कुळातला. गर्भ टिकविणारे हे संप्रेरक तोवर सोन्यापेक्षा महाग होते. ते स्वस्त झाले ते या कंदामुळे. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मलेल्या बालिकेनंतर आपल्याकडे परीक्षानळीच्या मार्गाने पुष्कळ मुले जन्मली. त्या उपचारात आधारासाठी दिले जाणारे प्रोजेस्टेरॉन आजही बहुधा वनस्पतिज द्रव्यापासूनच बनते. मात्र कोनफळ कच्चे खाऊन किंवा उकडून कोणाच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मधली सारी किमया प्रयोगशाळेतील आहे.

पुडीचा धोका दुहेरी. पहिला पुडीत काय आहे याचा. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या परिसरात दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. २०११-१२ साली न्यूयॉर्कमध्ये सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले. त्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे आईकडून गर्भाकडे जाते आणि त्याच्या मेंदूला अपाय करते. ज्या मुलासाठी औषध, त्यालाच ते बाधावे याहून दुर्दैव कोणते? हा दोष वनस्पतींचा नव्हे. पण लेबल न वाचता, बनविणाराचे नाव न पाहता, ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय करणार’ असे म्हणणाराचा निश्चितच आहे. स्त्रियांच्या वंध्यत्वावर हमखास उपाय अशा जाहिरातींना १९५४च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, आणि तो रोग त्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी नोंदला आहे. तरी भिंती रंगतात.

दुसरा धोका काळाचा, आणि तो अधिक मोठा. बीजवाहिन्या बंद असतील तर कोणतेही मूळ, कोणतेही साल त्या उघडू शकत नाही. आपल्या देशात त्या बंद होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षय हे आहे. खोकला नसतो, ताप नसतो, बाहेरून काही दिसत नाही. स्त्री काढे घेत राहते, आत वर्षे निघून जातात. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांचा साठा आणि गुणवत्ता वेगाने उतरते. म्हणून पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासणी करावी असे तज्ज्ञ सांगतात. ऋतू हा शब्द सुश्रुताने पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो, आणि अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या दोषाचा वाटा असतो. पुरुषाची वीर्यतपासणी ही या सगळ्या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि अल्प खर्चाची. स्त्रीच्या पोटात दुर्बीण घालण्यापूर्वी, आणि तिच्या हातात काढ्याचा पेला देण्याच्या कितीतरी आधी, ती व्हावयास हवी. घरोघर क्रम उलटा असतो. मुलाला तपासणीला पाठविणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत. आणि सुनेला सात गावचे सात वैद्य, त्याला मात्र बट्टा नाही.

शेवटी एका पानाची गोष्ट. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्कात असलेल्या कोणत्यातरी द्रव्याने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. ते द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. त्यासाठी चार टन पालक लागला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते वंध्यत्व घालवीत नाही. परंतु मूल हवे असणाऱ्या प्रत्येक स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, म्हणजे गर्भाच्या पाठीच्या कण्यातील व्यंग पुष्कळ अंशी टळते, यावर जगभरच्या वैद्यकाचे एकमत आहे. गोळी अगदी अल्प मोलाची. सरकारी दवाखान्यात ती फुकटही मिळते.